बाळ काचेत असताना हातातला मोबाइल

बाळ जन्माला आलं, पण आईच्या कुशीत आलं नाही. दिवस भरायच्या आत झालं, जन्मल्यावर लगेच रडलं नाही, वजन दीड किलोच भरलं, कावीळ चढली, अशा कुठल्या तरी कारणानं त्याला आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेर उभं असलेलं कुणी गावाकडे फोन लावून सांगतं, 'बाळ काचेत ठेवलंय.' पुढचे आठ दिवस, पंधरा दिवस, कधी महिना-दीड महिना सगळं घर या एका वाक्याभोवती फिरत राहतं.

यवतमाळ जिल्ह्यात या काळजीत अंतराचीही भर पडते. तालुके सोळा. उमरखेडचं टोक नांदेडला लागून, तर झरी-जामणीचं तेलंगणाला. पुसद, दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बाळंतपण होतं आणि बाळाला जास्त उपचार लागणार असं दिसलं की त्याला यवतमाळला, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात. कुणाला सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावं लागतं. सिझर झालेली आई एका गावात खाटेवर, बाळ दुसऱ्या गावात वॉर्मरवर आणि बाप दोघांच्या मधे एसटीत, अशी अवस्था इथे अनेक घरांनी पाहिली आहे.

हा लेख त्या आईबापांसाठी आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात थांबणाऱ्या आजी, मावशी, काकांसाठी आहे. मोबाइल तुमच्या हातात असतोच. त्यानं धीरही मिळतो आणि रात्रीची झोपही उडते. माझं सांगणं एवढंच, की मोबाइलचा जो उपयोग तुम्हाला बाळाजवळ नेतो, बाळाच्या एखाद्या कामाला लावतो, तो जरूर करा. जो नुसता बाहेरच्या बाकड्यावर बसवून घाबरवतो, तो बंद ठेवा. यामागे कारण आहे. परिचर्या क्षेत्रातल्या संशोधक मार्गारेट माइल्स यांनी १९९३ मध्ये अशा आईबापांचा ताण मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे ती अनेक देशांत वापरली गेली आणि पुन्हा पुन्हा एकच गोष्ट वर आली. यंत्रं आणि नळ्या पाहून आईबाप घाबरतात, पण त्यांना सगळ्यात जास्त पोखरतं ते आपल्या बाळासाठी आपल्याला काहीच करता येत नाही, हे दुःख. त्यावरचा उतारा म्हणजे बाळासाठी काही तरी करायला मिळणं.

आतली यंत्रं ओळखून घ्या

लोक 'काच' म्हणतात, पण सरकारी एसएनसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बहुतेक बाळं उघड्या वॉर्मरवर असतात. वरून ऊब देणारा दांडा, खाली छोटीशी गादी. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही, म्हणून हे. पोटावर चिकटवलेली तार त्याच्या अंगाचं तापमान मोजते. डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली ठेवलंय, तर ते काविळीसाठी. नाकात दोन छोट्या नळ्या आणि शेजारी बाटलीत बुडबुडे येताहेत, तर ते सीपॅप. बाळ श्वास स्वतःच घेतंय, फुफ्फुसं मिटू नयेत म्हणून त्याला हवेच्या दाबाचा आधार दिलाय. तोंडातून किंवा नाकातून पोटात गेलेली बारीक नळी दुधासाठी असते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास नीट जमू लागतो, तोवर हा मार्ग.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो पायाला बांधलेला लाल दिवा. त्याची तार ज्या पडद्याला जोडलेली असते, त्यावर दोन आकडे दिसतात. मोठा असतो ठोक्यांचा. मिनिटाला १२० ते १६० ठोके ऐकून बापाच्या पोटात गोळा येतो, पण नवजात बाळाचं काळीज तेवढंच धावतं. दुसरा आकडा ऑक्सिजनचा. तिथे ९२ दिसलं की बाहेर कुजबुज सुरू होते, 'शंभर का नाही? ऑक्सिजन कमी पडतोय का?' कोरोनाच्या काळात प्रत्येक घरानं बोटाला लावायचं ते यंत्र पाहिलं आणि ९४ च्या खाली गेलं की दवाखाना, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. कमी दिवसांच्या, ऑक्सिजनवर असलेल्या बाळाचं गणित वेगळं आहे. त्याचा आकडा डॉक्टर मुद्दाम ९० ते ९५ च्या दरम्यान राखतात, कारण गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला अपाय करू शकतो. म्हणजे ९२ ही कमतरता नाही, तिथेच थांबवायचं असतं. आणि यंत्र टींटीं वाजलं की दर वेळी बाळाला काही झालेलं नसतं. बाळानं पाय झाडला, दिवा सैल झाला, तरीही ते वाजतं. वाजल्यावर पडद्याकडे नको, सिस्टरच्या चेहऱ्याकडे आणि बाळाच्या रंगाकडे बघा.

पहिल्या भेटीतच सिस्टरना एवढं विचारून ठेवा: माझ्या बाळाला कोणकोणती यंत्रं लावली आहेत, ती कशासाठी, आणि यातलं पहिल्यांदा काय निघेल? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. 'आधी सीपॅप निघेल, मग नळी निघेल, मग वाटीनं दूध' असा क्रम कळला की नुसती वाट पाहणं थांबतं, माणूस एकेक टप्पा मोजू लागतो. तो क्रम मोबाइलमध्ये लिहून ठेवा. वजनही रोज लिहा, पण आठवड्याचं बघा. पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरणं हे धडधाकट बाळातही होतं, कमी दिवसांच्या बाळात थोडं अधिक, आणि जन्माच्या वजनावर परत यायला दोन आठवडेसुद्धा लागतात. काल १४६० आणि आज १४४० ग्रॅम, म्हणून उपाशी बसून रडण्याचं कारण नाही.

भीती निराधार असते असं मात्र कुणी तुम्हाला सांगू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. विदर्भातल्या आईबापांच्या मनात ते अजून आहे. रात्री आत कोण असतं, आग विझवण्याची यंत्रणा तपासली आहे का, संकटात आम्हाला कुणाच्या फोनवरून कळेल, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नम्रपणे विचारा, पण विचारा. उत्तर मिळालं की रात्री पाठ टेकता येते.

आई तिकडे, बाळ इकडे

परदेशातल्या काही रुग्णालयांत बाळाच्या पाळण्यावर कॅमेरा असतो आणि आई घरून मोबाइलवर त्याला पाहते. ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयात २०१७ मध्ये याहून साधी गोष्ट सुरू झाली. तिथल्या नर्स बाळाचा छोटासा व्हिडिओ घेऊन तो सुरक्षितपणे आईबापांना पाठवतात. 'आज मी पंधरा मिली दूध प्यायलो' असा निरोपही बाळाच्या वतीनं जोडतात. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते. चोवीस तास चालणारा कॅमेरा आईला पडद्याला खिळवून ठेवू शकतो, प्रत्येक हालचालीला ती दचकेल. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ तिला बाळ दाखवतो आणि झोपूही देतो.

यासाठी आपल्याकडे कुठल्या महागड्या यंत्रणेची वाट पाहायला नको. आई पुसदला आणि बाळ यवतमाळला असेल, तर पहिल्याच दिवशी सिस्टर किंवा डॉक्टरांची परवानगी मागा: 'दिवसातून एकदा, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा, आईसाठी छोटा व्हिडिओ घेऊ का?' वेळ त्यांनाच ठरवू द्या. एका सिस्टरच्या हाताखाली अनेक बाळं असतात, इंजेक्शनच्या वेळी फोन पुढे केला तर नकारच मिळेल. फ्लॅश बंद, आवाज बंद. शेजारच्या बाळाचा चेहरा येता कामा नये, तेही कुणाचं तरी लेकरू आहे. आणि फोन आत नेण्याआधी सॅनिटायझरनं पुसा, फोनला हात लागला की बाळाला शिवण्याआधी पुन्हा साबणानं हात धुवा. आपण फोन कुठे कुठे ठेवतो हे आठवलं तर यात अतिरेक वाटणार नाही. कक्षाचा नियमच फोन आत न्यायचा नाही असा असेल, तर तो पाळा. बाहेर येऊन आईला फोन लावा आणि पाहिलेलं सगळं सांगा. डोळे उघडे होते का, मूठ मिटली होती का, जावळ किती आहे, कान कुणासारखे आहेत. 'बरं आहे' या दोन शब्दांवर आईचं समाधान होत नसतं.

उलट दिशेनंही पाठवता येतं. बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ओळखतं. आईनं दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, अंगाई, ओवी, नाहीतर नुसतं बोलणं. मराठीत, गोरमाटीत, गोंडीत, कोलामीत, घरात जी भाषा बोलली जाते तीत. परवानगी असेल तर बापानं किंवा आजीनं तो अगदी हळू आवाजात ऐकवावा. नवजात कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, म्हणजे हळू बोलण्याहून मोठं काही नको. परवानगी नसेल तर बापानं स्वतः वॉर्मरजवळ वाकून तेच शब्द बोलावेत.

नजर लागेल म्हणून काही घरांत बाळाचा फोटो काढू देत नाहीत. आजीशी वाद घालू नका. फोटो आईसाठी आहे, तो आईच्याच फोनमध्ये राहील, स्टेटसवर जाणार नाही, असं सांगितलं तर बहुतेक आज्या मानतात. आणि नजरेचं सोडा, नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो स्टेटसवर ठेवूच नये. तो शंभर जणांनी पाहिला की शंभर फोन येतात.

दूध आणि छाती, ही दोन कामं तुमचीच

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ताण खरा हलका होतो तो इथे.

बाळ तोंडानं पीत नसलं तरी आईच्या दुधाची गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून निदान आठ वेळा आणि त्यातलं एकदा रात्री, असं दूध काढत राहिलं तरच ते टिकतं. सुरुवातीला स्टीलच्या वाटीत चार थेंब दिसतात आणि आईला रडू फुटतं. ते चार थेंब सोन्याच्या मोलाचे आहेत. पहिलं घट्ट पिवळं दूध बाळाला थोडंच लागतं. मोबाइलवर तीन तासांचा गजर लावा. काढताना बाळाचा तो पंधरा सेकंदांचा व्हिडिओ समोर ठेवा, बाळाच्या अंगावरचा एखादा कपडा जवळ असेल तर त्याचा वास घ्या, आवडीचं भजन लावा. यात भाबडेपणा नाही. बाळ दिसलं, आठवलं की पान्हा फुटतो, हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही मन शांत करणारं ध्वनिमुद्रण ऐकत दूध काढणाऱ्या कमी दिवसांच्या बाळांच्या आयांना जास्त दूध आलेलं दिसलं. यवतमाळच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवून चालत नाही. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात लगेच आत द्या, साठवायचं असेल तर सिस्टर सांगतील तसंच. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली ती आईच्या दुधाचं हेच मोल जाणून. अशी पेढी जवळ नसेल, तर तुमचं दूध हीच बाळाची पेढी.

दुसरं काम कांगारू पद्धतीचं. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापडानं बांधायचं. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस इनक्युबेटर अपुरे पडले, म्हणून डॉक्टरांनी हा मार्ग काढला. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं, की एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना बरं होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असं छातीशी धरलं, तर मृत्यू एक चतुर्थांशानं कमी होतात. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं हीच शिफारस केली, दिवसाला निदान आठ तास. तेव्हा 'कांगारू कधी सुरू करता येईल?' हा प्रश्न डॉक्टरांना तुम्ही होऊन विचारा. एका वेळी तासभर तरी धरायचं, मोबाइलवर वेळ लावून तो पालथा ठेवून द्या. या तासात फोन पाहायचा नाही. आई दूर असेल तर बापानं शर्ट काढून बाळाला छातीशी धरावं. काही जण हसतील. हसू द्या. बाळाचा श्वास आपल्या श्वासाशी लागतो तेव्हा बापाचाही ऊर शांत होतो.

आईबापांना बाळाच्या काळजीत सामील करून घेण्यासाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या अनुभवावर आधारलेल्या या पद्धतीत आईबापांना चित्रफिती दाखवून हात धुणं, बाळाला हाताळणं, कांगारू पद्धत आणि घरी गेल्यावरची काळजी शिकवतात, आणि मग ती कामं त्यांच्याकडून करून घेतात. 'आम्हाला ते व्हिडिओ दाखवता का, आम्ही शिकायला तयार आहोत,' असं म्हणा. आईबापांना आत येऊ देणं ही मेहेरबानी नाही, तो उपचाराचा भाग आहे.

फोनवरचा गोंगाट

गूगलवर 'सातव्या महिन्यातलं बाळ जगतं का' असं रात्री दोन वाजता शोधू नका. समोर येणारे आकडे वेगळ्या देशाचे, वेगळ्या वजनाच्या बाळांचे असतात. त्यात तुमचं बाळ नसतं. यूट्यूबवरच्या घुटी, मध आणि गुटगुटीत करणाऱ्या तेलाच्या व्हिडिओंना तर हातही लावू नका. मनात आलेला प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि सकाळी राउंडला विचारा. राउंडला डॉक्टर जे सांगतात ते धास्तीमुळे निम्मं डोक्यात शिरत नाही. परवानगी घेऊन ते रेकॉर्ड केलं तर घरच्यांनाही नीट कळतं आणि 'तू बरोबर ऐकलं नसशील' ही घरातली भांडणं टळतात. चोरून मात्र रेकॉर्ड करू नका. एकदा विश्वास तुटला की पुढचं बोलणं अवघड होतं.

दुसरा गोंगाट आपल्याच माणसांचा. 'कसं हाय जी बाळ आता?' हा प्रश्न मायेचा असतो, पण दिवसात तिसाव्यांदा आला की आईचा जीव नकोसा होतो. त्यात 'मोठ्या दवाखान्यात हलवा' म्हणणारे वेगळेच. घरातला एक माणूस नेमा, दीर, भाऊ, कुणीही. रोज संध्याकाळी त्यानं घरच्या ग्रुपवर एक आवाजी निरोप टाकायचा: आजचं वजन, आजचं दूध, डॉक्टर काय म्हणाले. बाकी सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. आईच्या फोनवर फक्त नवरा, तिची आई आणि दवाखाना.

दवाखान्याकडे मात्र दोन नंबर द्या, एक तुमचा आणि एक गावातला, म्हणजे कापूस वेचणीला गेलेल्या बापाचा फोन लागला नाही तरी निरोप पोचतो. ते दोन्ही नंबर कागदावरही लिहून खिशात ठेवा, चार्जिंग संपल्यावर मोबाइलमधला नंबर कामाचा नसतो.

आणि सावध राहा. 'दवाखान्यातून बोलतोय, बाळासाठी तातडीचं इंजेक्शन, लगेच फोनपे करा' असे फोन करून लुबाडणारे लोक असतात. फोनवर कुणालाही पैसे पाठवू नका, वॉर्डात जाऊन विचारा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवा. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. २०११ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सवलत ३० दिवसांपर्यंत होती, पुढे ती वर्षभरापर्यंत वाढली. खासगी दवाखान्यात असाल तर तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. पैशाची चिंता निम्मी झोप खाते. ती आधी मिटवा.

आईचं मन, बापाचं मन

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणं नेहमीचं आहे, आणि बाळ आत असताना तर ते यायचंच. पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, झोपायला मिळालं तरी झोप लागत नसेल, बाळाला पाहावंसंच वाटत नसेल, 'माझ्यामुळेच झालं' हे थांबत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील, तर ते आजारपण आहे आणि त्याला इलाज आहे. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आपल्या जावेला, सुनेला, बायकोला हा नंबर लावून द्यायला संकोच करू नका. वॉर्डातल्या डॉक्टरांनाही सांगा.

बापाचं कुणी विचारत नाही. आमच्या जिल्ह्यात तर विचारलंच पाहिजे. कापसाचं, सोयाबीनचं गणित आधीच बिघडलेलं, डोक्यावर कर्ज, आणि त्यात बायको एका दवाखान्यात, बाळ दुसऱ्या. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यांसाठी शासनानं प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो अशाच माणसांना बोलतं करण्यासाठी. त्यासाठी १०४ हा क्रमांक आहे. गप्प गप्प झालेला, जेवण सोडलेला, 'तुम्ही बघा आता' म्हणू लागलेला बाप दिसला, तर त्याच्याजवळ बसा आणि फोन लावून द्या.

सगळीच बाळं घरी येत नाहीत, हेही इथे लिहायला हवं. असं झालं की घरातली माणसं आईच्या फोनमधले फोटो पुसून टाकतात. तिला विसर पडावा म्हणून, चांगल्या मनानंच. तसं करू नका. ते फोटो तिचे आहेत. तिला पाहायचे असतील तेव्हा पाहील, कधी पाहायचे नसतील तर न पाहो, ते तिला ठरवू द्या. मोबाइलवर बाळाच्या लसीचे, वाढीचे संदेश येत असतील तर ते मात्र आशाताईंना सांगून बंद करायला लावा.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी आनंद होतो आणि संध्याकाळी भीती दाटते. आता लाल दिवा नाही, सिस्टर नाही. काही घरं ऑनलाइन जाहिरात पाहून पायमोज्यासारखं ऑक्सिजन मोजणारं यंत्र मागवतात किंवा मोबाइलवरच ऑक्सिजन मोजणारं ॲप उतरवून घेतात. ॲपवर अजिबात विश्वास ठेवू नका. त्या मोज्यांवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण बाळाचा आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नका, असंच अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरात एक साधा डिजिटल थर्मामीटर असू द्या. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, हे ठीक. झोपेत बाळ पाच-दहा सेकंद श्वास थांबवून पुन्हा भराभर घेतं, तेही या वयाला नेहमीचं.

खरा आधार गावातच आहे. विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजनकाटा, ऊबदार झबलं-झोपपिशवी, श्वास देणारी नळी आणि मास्क अशी त्यांची साधी सामग्री. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये तो अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज आशाताई तुमच्या घरी येऊन वजन घेतात, श्वास मोजतात, ती पद्धत तिथून देशभर गेली. डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्यातूनच त्यांना फोन करून बाळ घरी येत असल्याचं सांगा, डिस्चार्ज कार्डाचा स्पष्ट फोटो पाठवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. कार्ड भिजतं, हरवतं, फोटो राहतो.

बाळाचं काही वेगळं वाटलं, उदाहरणार्थ हात-पाय एका तालात झटकतंय किंवा श्वास विचित्र चाललाय, तर मिनिटभराचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबलेलं असतं आणि तोंडी सांगून डॉक्टरांना नेमकं कळत नाही. पण दूध ओढणं सोडलं, अंग गार पडलं किंवा तापलं, बाळ मलूल झालं, शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढू लागलं, तळपाय पिवळे झाले, झटके आले, यातलं काहीही असेल तर व्हिडिओ कुणाला पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. १०८ किंवा १०२ ला फोन लावा आणि बाळाला छातीशी कांगारू पद्धतीनंच धरून निघा, वाटेत त्याची ऊब टिकते.

घरी आल्या आल्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या तपासण्यांच्या तारखा घाला. बाळ ३४ आठवड्यांच्या आत झालं असेल किंवा जन्माचं वजन दोन किलोपर्यंतच असेल, तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा, फार लहान बाळांचा त्याहूनही लवकर. ऑक्सिजन लागलेल्या कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. वेळेत सापडलं तर उपचार होतो, उशीर झाला तर नजर जाते, आणि बाहेरून पाहून काही कळत नाही. दवाखान्यात दिवस बरेच गेले असतील तर ही तपासणी तिथेच झाली का, हे निघण्याआधी विचारा. झाली नसेल तर कुठे आणि कोणत्या तारखेला, ते कार्डावर लिहून घ्या. त्याच वेळी कानांच्या तपासणीचीही तारीख घ्या. दोन्ही तारखांना आदल्या दिवशीचा गजर लावा, कारण पांढरकवड्याहून किंवा उमरखेडहून निघायचं तर गाडीची आणि सोबतीची सोय आदल्या दिवशीच करावी लागते.